गळ्याशी उरलेली रेघ

स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये ड्रॅगन मारून झालेला असतो. व्हाइटरन शहराचा यार्ल, म्हणजे तिथला सरदार, खूश होऊन पदवी देतो आणि वर एक अंगरक्षक बहाल करतो. त्याच्या ड्रॅगन्सरीच वाड्याच्या दालनातून बाहेर पडताना ती अंगरक्षक, लिडिया, समोर येते, नेहमीच्या त्या किंचित उपकार केल्यासारख्या सुरात हजेरी लावते, आणि तिचा चेहरा काळाकुट्ट असतो. सावळा नव्हे, माणसाच्या कातडीचा कुठलाच रंग नव्हे तो. चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या तव्याचं बूड असावं तसा. मानेचा रंग नेहमीचा, हात नेहमीचे, चिलखत चकचकीत, आणि हनुवटीपासून कपाळापर्यंत मात्र काजळी. त्या काजळीत ओठ हलतात, पापण्या मिटतात, डोळ्यांची पांढरी बुबुळं आपल्याकडे वळतात. स्कायरिममधले चेहरे सुंदर करणारा मॉड, म्हणजे हौशी लोकांनी केलेली खेळातली भर, लावून जेमतेम दहा मिनिटं झालेली असतात.

गेम सरळ बंद पडली असती तर परवडलं असतं. बंद पडलेल्या गेमवर चिडता येतं. इथं सगळं सुरळीत चाललेलं असतं. कुठं चूक झाल्याची सूचना नाही, लॉगमध्ये ओळ नाही, बाजारात माणसं कोबी विकतायत, लोहाराचा हातोडा पडतोय. फक्त एक बाई तोंडाला काळं फासल्यासारखी उभी आहे आणि तिला स्वतःला त्याचा पत्ता नाही. दिसण्यापुरते मॉड लावणाऱ्या बहुतेकांची या खेळाच्या अंतरंगाशी पहिली ओळख या चेहऱ्यामुळे होते. 'नुसती रंगरंगोटी तर आहे, त्यात काय बिघडणार' हा समज इथं सुटतो.

हा समज येतो कुठून, तेही समजण्यासारखं आहे. मॉडचे दोन ढोबळ प्रकार. एक खेळाचं वागणं बदलणारे: नवी कामगिरी, नवी जादू, भूक-तहान. त्यांच्या स्क्रिप्ट सेव्हमध्ये, म्हणजे साठवून ठेवलेल्या खेळात, मुरतात, मध्येच काढले तर सेव्ह नासते, म्हणून लोक त्यांना जपून हात लावतात. दुसरे नुसते रूप बदलणारे. दगडाच्या जागी जास्त रेखीव दगड, गवताच्या जागी दाट गवत, ड्रॅगनच्या जागी शिट्टी वाजवत येणारं निळं आगगाडीचं इंजिन. यातले जे केवळ टेक्स्चर, म्हणजे आकारावर चढवलेलं चित्र, बदलतात ते खरंच निरुपद्रवी. लावा, काढा, सेव्हला खबर नसते. चेहरा मात्र या दोन्हींच्या मधोमध बसतो. तो अर्धा चित्र आहे आणि अर्धा नोंद.

आता त्या काळ्या तोंडामागचं कारण, कारण ते एकदा कळलं की बाकीच्या निम्म्या भानगडी आपोआप कळतात. स्कायरिममधला आपला स्वतःचा चेहरा खेळ तिथल्या तिथं बनवतो. स्लायडर सरकवले की नाक लांबतं. गावातल्या शेकडो माणसांचे चेहरे असे दर वेळी बनवणं परवडणारं नाही, म्हणून ते आधीच भाजून ठेवलेले असतात, भट्टीतून काढलेल्या मुखवट्यासारखे. लिडियाचा ओळखक्रमांक ०००ए२सी८ई. तिचा मुखवटा म्हणजे मेशेसमधल्या (मेश म्हणजे वस्तूच्या आकाराची जाळी) फेसजिऑम फोल्डरात त्याच नावाची निफ फाइल, आणि त्यावरचा रंग म्हणजे फेसटिंट फोल्डरात त्याच नावाची डीडीएस फाइल. शिवाय प्लगइनमध्ये, म्हणजे खेळाच्या नोंदी ठेवणाऱ्या ईएसपी किंवा ईएसएम फाइलमध्ये, तिची एक नोंद असते: नाक कुठलं, भुवया कुठल्या, केस कुठले, वजन किती. खेळ चेहरा उभा करताना नोंदीतले अवयव आणि मुखवट्यातले अवयव ताडून पाहतो. जुळले तर रंग चढतो. नाही जुळले तर रंगाचा तो थर नीट बसत नाही, आणि उरतं ते काळपट तोंड.

न जुळायला काय झालं? मॉड तर एकच लावला होता.

लावला एकच, पण आधीपासून आणखी एक बसलेला असतो. समजा, साथीदारांचं लढणं सुधारणारा एक साधा मॉड. चेहऱ्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्याला फक्त लिडियाची लढण्याची पद्धत बदलायची होती. पण या खेळात नोंदीतलं एक कलम वेगळं काढून बदलता येत नाही. नोंद बदलायची तर अख्खी आपल्या प्लगइनमध्ये उतरवून घ्यावी लागते, नाक-भुवयांसकट. तेव्हा त्या लढाईवाल्या मॉडच्या पोटात लिडियाचे मूळ, २०११ सालचे अवयव जसेच्या तसे पडून असतात. तो प्लगइनच्या क्रमात खाली असला की त्याची नोंद जिंकते. मुखवट्याची फाइल मात्र प्लगइनच्या क्रमाला विचारत नाही. ती फोल्डरच्या क्रमावर चालते आणि तिथं आपला सौंदर्यवाला मॉड वरचढ असतो. नोंद जुनी, मुखवटा नवा. मॉड ऑर्गनायझर या मॉड सांभाळणाऱ्या साधनात हे अगदी डोळ्यांसमोर मांडलेलं असतं: डाव्या रकान्यात फाइलींचा क्रम, उजव्या रकान्यात प्लगइनचा. दोन्हीकडे जो सर्वांत खाली तो जिंकतो. लोक काय करतात, क्रम लावून देणारं लूट नावाचं साधन एकदा चालवतात आणि निर्धास्त होतात. लूट फक्त उजवा रकाना लावतं. डाव्याला ते शिवतसुद्धा नाही.

शेवटी येईल तो जिंकेल, हे खरं. पण शेवट दोन असतात.

उपाय तीन आहेत आणि त्यांची योग्यता उतरत्या क्रमाची आहे, निदान माझ्या मते. पहिला: चेहऱ्याच्या मॉडचं प्लगइन उजवीकडे लढाईवाल्याच्या खाली ओढायचं. पाच सेकंदांचं काम. तोंड उजळतं, पण लढण्याची सुधारणा जाते, कारण आता याची अख्खी नोंद जिंकली. ज्यांना लढाईचं सोयरसुतक नाही त्यांनी इथंच थांबावं. दुसरा आणि खरा उपाय म्हणजे एसएसईएडिट हे नोंदी पाहण्या-बदलण्याचं साधन उघडायचं, सगळी प्लगइन लोड करायची आणि ०००ए२सी८ई शोधायचा. प्रत्येक प्लगइनचा एक रकाना दिसतो, डावीकडून उजवीकडे, आणि सर्वांत उजवीकडचा जिंकलेला. तिथं ती नोंद एका नव्या प्लगइनमध्ये 'ओव्हरराइड म्हणून' उतरवायची आणि चेहऱ्याची कलमं, म्हणजे अवयवांची यादी, डोक्याचं टेक्स्चर, केसांचा रंग, वजन, चेहऱ्याचे मापदंड, रंगाचे थर, सौंदर्यवाल्या रकान्यातून उचलून त्यात टाकायची. बाकीची कलमं लढाईवाल्याची राहू द्यायची. त्या नव्या प्लगइनला ईएसएलचा, म्हणजे हलक्या प्लगइनचा, शिक्का मारला की तो २५४ पूर्ण प्लगइनच्या मर्यादेत मोजला जात नाही. तिसरा उपाय क्रिएशन किट या खेळाच्या अधिकृत संपादन साधनात माणूस निवडून कंट्रोल-एफ४ दाबणं, म्हणजे मुखवटाच नव्याने भाजून घेणं. चालतो, पण पुढे कुठलाही मॉड बदलला की पुन्हा भट्टी पेटवा. आणि जाता जाता एक खड्डा: नवी माणसं आणणाऱ्या मॉडचे ओळखक्रमांक लहान मर्यादेत बसवून त्याला ईएसएल केलं, तर क्रमांक बदलतात आणि मुखवट्याच्या फाइलींची नावं जुनीच राहतात. मग एकटी लिडिया नव्हे, त्या मॉडमधलं अख्खं गाव तोंड काळं करून बसतं.

चेहरा जागेवर आला की नजर खाली सरकते. आणि तिथं ती असते. गळ्याभोवतीची रेघ.

ज्यांच्या घरी उभ्याच्या गौरी बसतात त्यांना ही रेघ सांगायला नको. शाडूचा मुखवटा एकाने घडवलेला, पितळी असला तर सासूच्या सासूकडून आलेला. खालची कोठी पत्र्याची, हात कापडाचे, साडी यंदाची. मुखवटा धडावर टेकवला की हनुवटीखाली एक सांधा राहतोच. कुणी तो मिटवायला जात नाही. ठुशी येते, मोहनमाळ येते, बोरमाळ येते, पदर जरा वर सरकतो, आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना अखंड गौर दिसते. स्कायरिममधली माणसंही अशीच तुकड्यांची. डोकं वेगळी मेश, धड वेगळी, हात वेगळे, पाय वेगळे. डोकं, धड आणि हात यांचं टेक्स्चर वेगवेगळं, पाय धडाचंच वापरतात. मूळ खेळातही हे सांधे होते, पण तिथं सगळंच इतकं मळकट तपकिरी की कोण बघतंय. कातडी सुधारली आणि रेघ वर आली.

तिची कारणंही एक नाहीत, म्हणून तर ती इतकी चिवट. सांधा आकाराचा आहे की रंगाचा, हे आधी ठरवावं. खरोखर फट दिसत असेल, आरपार, तर मेशचे बिंदू जुळत नाहीत. धडाच्या दोन फाइली असतात, एक शून्य वजनाची आणि एक शंभर वजनाची, आणि खेळ माणसाच्या वजनाप्रमाणे दोहोंमधला आकार काढतो. बॉडीस्लाइड या शरीराची मापं ठरवणाऱ्या साधनात शरीर बांधताना त्यातली एकच नवी झाली, दुसरी जुन्या मॉडची राहिली, तर मधल्या वजनाच्या माणसांची मान भलतीकडे सरकते. नोंदीतलं वजन बदललं आणि मुखवटा जुन्या वजनाचा राहिला तरी तेच. फट नसून रंगाची पट्टी असेल तर प्रश्न टेक्स्चरचा. नुसता रंग जुळून भागत नाही. रंगाच्या फाइलीबरोबर उंचसखलपणा सांगणारी एमएसएन असते, त्वचेतून झिरपणाऱ्या प्रकाशाची एसके असते, चकाकीची एस असते. डोकं, धड, हात, असे तीन तुकडे गुणिले चार, म्हणजे बारा फाइली. बाराही एकाच मॉडमधून आलेल्या हव्यात. प्रत्यक्षात काय होतं, कुणाच्या तरी चेहऱ्याची कातडी आवडते, दुसऱ्याच्या अंगाची. दोन्ही लावल्या जातात, आणि एकाची चकाकी दुसऱ्याच्या रंगावर बसते. मग सावलीत रेघ नाही, उन्हात आहे. माणूस तासभर रंग जुळवत बसतो आणि दोष चकाकीच्या फाइलीत असतो.

याच्याही आधी एक फाटा आहे, जो इन्स्टॉलर पहिल्याच खिडकीत विचारतो आणि लोक न वाचता पुढे जातात: सीबीबीई की युएनपी. ही शरीरांची दोन घराणी. दोघांच्या कातडीचा पट वेगवेगळ्या तऱ्हेने उलगडलेला, जसा एकाच मापाचा परकर दोन शिंपी वेगवेगळा बेततात. एकाची कातडी दुसऱ्याच्या अंगावर घातली की नाभी जागा सोडते, नखं बोटाच्या बाजूला जातात. कपड्यांचंही तसंच. शरीर एका मापात बांधलं आणि कपडे बॉडीस्लाइडच्या बॅच बिल्डमधून त्याच मापात पुन्हा बांधले नाहीत, तर बाई चिलखत घालताच वेगळ्या अंगाची होते आणि उतरवताच परत पहिल्यासारखी. एक निरीक्षण इथं नोंदवतो: या मॉडच्या याद्यांत बायकांच्या अंगकांतीवर जितकी कारागिरी खर्च झाली आहे तिच्या पासंगालाही पुरुषांची ढेरी पुरत नाही. व्हाइटरनचा यार्ल कैक वर्षं त्याच जुन्या कातडीत बसून राहिला.

बाकीच्या खुणा मानाने सोप्या. जांभळी वस्तू दिसली तर टेक्स्चर सापडलं नाही. मोठं लाल उद्गारचिन्ह दिसलं तर मेशच नाही. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की झिप फाइलमध्ये फोल्डरच्या आत फोल्डर होतं, म्हणजे डेटाच्या आत पुन्हा डेटा, आणि खेळ जिथं शोधतो तिथं काहीच नाही. मॉड ऑर्गनायझर अशा वेळी लाल अक्षरांत सांगतो. आतल्या फोल्डरवर उजवं बटण दाबून तोच डेटा आहे असं ठरवून द्यायचं. केसांचा मॉड लावून सेव्ह उघडताना गेम उडत असेल तर केस बहुधा २०११च्या जुन्या आवृत्तीचे आहेत. २०१६च्या स्पेशल एडिशनचं मेशचं स्वरूप वेगळं, ते रूपांतर करून घ्यावं लागतं, आणि डोक्याचे अवयव असतील तर रूपांतर करताना तसं वेगळं सांगावं लागतं. आणि टोपी घातल्यावर केस गायब झाले तर घाबरू नये. केस ही ३१ क्रमांकाची जागा, आणि बहुतेक टोप्या तीच जागा व्यापतात. बिघाड नाही तो, खेळाची मूळ सोयच तशी.

मग येतो आकड्यांचा मोह. ४के. जणू २के लावणं म्हणजे लग्नात प्लॅस्टिकची फुलं. हिशेब मात्र अगदी शाळेतला आहे. ४०९६ बाय ४०९६ म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख ठिपके. बीसी७ पद्धतीने दाबलं तर ठिपक्याला एक बाइट, म्हणजे १६ एमबी. लांबून दिसण्यासाठीच्या छोट्या प्रती, ज्यांना मिपमॅप म्हणतात, त्या धरून २१ एमबीच्या थोडं वर. बारा फाइलींचा कातडीचा संच म्हणजे २५६ एमबी, फक्त एका कातडीला. तोच २के मध्ये ६४. न दाबलेलं टेक्स्चर असेल तर आकडा चौपट. आता पडदा बघा. साध्या मॉनिटरला उभ्या ओळी १०८०. लिडिया अगदी समोर येऊन बोलली तरी तिचं डोकं त्यातल्या काहीशे ओळी व्यापतं. ४०९६ ओळींचं डोकं त्यात मावणार कुठं? खेळ मुकाट्याने खालची छोटी प्रत उचलून दाखवतो. ग्राफिक्स कार्डची जागा मात्र मोठीने अडवलेली. ती भरली की खेळ अडखळायला लागतो, मान वळवली की अर्धा क्षण सगळं थिजतं, आणि दोष प्रोसेसरला मिळतो. कातडी २के, डोंगर-भिंती २के, ताटवाट्या १के. आठ जीबीच्या कार्डावर याहून जास्त हौस करू नये. आणि मिपमॅप नसलेलं टेक्स्चर घेऊ नये. लांबची छपरं वाळूसारखी चमचमत राहतात आणि का ते कळत नाही.

या सगळ्या नटण्यामुरडण्याला पैशाचा इतिहासही आहे. एप्रिल २००६ मध्ये स्कायरिम बनवणाऱ्या बेथेस्डानेच ऑब्लिव्हियन या आधीच्या खेळातल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढलं, अडीच डॉलरला. जगाने हसून घेतलं, आणि पुष्कळांनी विकतही घेतलं. पुढे २३ एप्रिल २०१५ ला स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात स्कायरिमचे मॉड पैसे घेऊन विकायची सोय झाली. मॉड करणाऱ्याच्या हाती विक्रीतला चौथा हिस्सा पडायचा. लोक इतके खवळले की चार दिवसांत, २७ तारखेला, दुकान गुंडाळावं लागलं. त्या रागात खरेपणा होता आणि थोडा अप्पलपोटेपणाही. कुणीतरी रात्री जागून भुवयांचा एकेक केस काढावा, बारा फाइलींचे रंग सांध्याशी जुळवावे, आणि आपण ते फुकट उचलून वर तक्रार करावी की गळ्याशी रेघ दिसते.

रेघ खरी गेली की नाही हे चेहरा बनवण्याच्या खिडकीत तपासू नये. तिथला उजेड लबाड आहे, फोटो स्टुडिओतल्यासारखा. माणसाला तीन ठिकाणी उभं करून बघावं: भर दुपारी व्हाइटरनच्या वेशीबाहेर, संध्याकाळी तिथल्या बॅनर्ड मेअर खानावळीच्या शेकोटीपाशी, आणि बर्फ पडत असताना उघड्यावर. उन्हात रंग कळतो, शेकोटीच्या तांबूस उजेडात चकाकी कळते, कारण तिथं फसलेली कातडी तेल चोपडल्यासारखी किंवा मेणाची दिसते, आणि ढगाळ निळ्या उजेडात उंचसखलपणा कळतो. ईएनबी, म्हणजे खेळातला उजेड-रंग बदलणारी जोडणी, लावायचा असेल तर तो आधी लावावा आणि कातडी मागाहून निवडावी. उलट केलं की सगळं पहिल्यापासून. एका वेळी एकच मॉड, मग तीन जागी फेरी, मग पुढचा. कंटाळवाणं आहे. पण वीस मॉड एकदम लावून एकविसावं काळं तोंड कुणाचं, हे शोधणं त्याहून कंटाळवाणं. एक मान्य करावं लागेल, या फेऱ्यांत खेळ मागे पडतो. ड्रॅगन डोक्यावर घिरट्या घालत असतो आणि आपण कॅमेरा एका मानेभोवती फिरवत असतो. त्यातही एक सुख आहे, पोर झोपल्यावर कपाट आवरण्याचं असतं तसलं.

आणि मग एखाद्या रात्री ते जमतं. वेशीबाहेरचं ऊन, बाजूला चक्की, गवतावर वारा, आणि लिडिया वळून बघते तेव्हा हनुवटीखालून गळ्यापर्यंत एकच अखंड कातडी. रेघ नाही, काजळी नाही, कानामागे केसांच्या मुळांशी फटसुद्धा नाही. खाली गुहेत उतरायचं असतं. लूट जड झालेली असते म्हणून नेहमीप्रमाणे तिच्या पोतडीत सरकवली जाते: चार ढाली, दोन तलवारी, आणि कुठल्याशा मेलेल्या सरदाराचं तोंड पूर्ण झाकणारं एक शिरस्त्राण. साथीदारांना असलेल्यातलं जास्त मजबूत ते आपणहून घालायची सवय असते. पुढच्या वळणावर मशालीच्या उजेडात ती येते तेव्हा खांद्यांच्या वर नुसतं लोखंड असतं, डोळ्यांपुरत्या दोन चिरा, आणि आतून तोच तो किंचित उपकार केल्यासारखा सूर.